हॉकीची संघबांधणी आणि घसाऱ्याचा हिशेब

आपला हॉकी संघ एखाद्या मोठ्या स्पर्धेत हरला की पुढच्या आठवड्यात काय घडणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. प्रशिक्षकाने राजीनामा द्यावा अशी मागणी होते. ज्येष्ठ खेळाडूंना आता निरोप द्या, असा निकाल शिक्षकांच्या खोलीपासून बसस्थानकावरील चहाच्या टपरीपर्यंत सर्वत्र लागतो. ‘संघाची पुनर्बांधणी’ हा भारदस्त शब्द जो तो उच्चारू लागतो. संघ जिंकला की तोच शब्द पुढील पराभवापर्यंत घडी घालून ठेवला जातो. जणू संघ म्हणजे पावसाळ्यात पडलेली भिंत. पडली की बांधायची, उभी असेतो तिच्याकडे पाहायचेही नाही.

प्रस्तुत लेखक व्यवसायाने अर्थशास्त्राचा अध्यापक आणि आवडीने हॉकीचा रसिक आहे. वाशीमसारख्या जिल्ह्यात ही आवड जरा एकाकीच असते. तरीही वर्गात ‘घसारा’ ही संकल्पना शिकविताना भारतीय हॉकीइतके चपखल उदाहरण दुसरे सापडत नाही. कारखानदाराने यंत्र विकत घेतले की त्या दिवसापासून ते झिजू लागते. शहाणा कारखानदार दरवर्षी नफ्यातून काही रक्कम घसारा म्हणून बाजूला काढतो, म्हणजे यंत्र निकामी होईल तेव्हा नव्या यंत्राची सोय झालेली असते. जो हे करीत नाही, त्याचा ताळेबंद काही वर्षे मोठा देखणा दिसतो. कारण तो नफा खात नसतो, भांडवल खात असतो. आणि हे त्याला फार उशिरा कळते. संघाचेही तसेच आहे. पुनर्बांधणी ही पराभवानंतर करावयाची गोष्ट नव्हे. ती विजयाच्या वर्षांत, थोडी थोडी, दरसाल करावयाची तरतूद आहे. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे.

भांडवल खाल्ल्याची वर्षे

१९२८ ते १९८० या काळात भारताने हॉकीत ऑलिम्पिकची आठ सुवर्णपदके मिळविली. १९३६ साली बर्लिनमध्ये ध्यानचंदांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीचा आठ विरुद्ध एक असा फडशा पाडला. त्याच बर्लिनमध्ये आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवीत होते, ही गोष्ट वऱ्हाडातील वाचकांना अभिमानाने आठवत असेल. खेळाचे वैभव आपल्यापासून फार दूर नव्हते, एवढेच यावरून ध्यानात घ्यावे.

परंतु हे वैभव मिळकतीचे होते तितकेच वारशाचेही होते. १९७५ साली क्वालालंपूर येथे आपण विश्वचषक जिंकलो आणि पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये सातव्या क्रमांकावर फेकले गेलो. त्या ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली. अर्थशास्त्राच्या भाषेत, एक श्रमप्रधान धंदा एका वर्षात भांडवलप्रधान झाला. मनगटाच्या कौशल्याला जो भाव होता तो धावण्याच्या दमाला आला, आणि सरावासाठी गवताचे मैदान पुरेनासे झाले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी कृत्रिम मैदाने घातली. आपण मात्र जुन्या यंत्रावर जुना माल काढीत राहिलो. १९८० चे मॉस्कोचे सुवर्णपदक आनंदाचे खरे, पण अनेक पाश्चात्त्य देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला होता, हे विसरून चालत नाही. सहाच वर्षांनी, १९८६ च्या लंडन येथील विश्वचषक स्पर्धेत, बारा संघांत आपण शेवटचे होतो. आणि २००८ साली सँटियागो येथे ब्रिटनकडून हरल्यामुळे भारतीय हॉकी संघ ऑलिम्पिकला जाऊच शकला नाही. ही कुणा एका खेळाडूची वा प्रशिक्षकाची चूक नव्हती. तीस वर्षे न केलेल्या तरतुदीचे ते बिल होते.

बँकॉकचे बक्षीस

ज्या वर्षी वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, त्याच १९९८ सालच्या डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. ते पदक बत्तीस वर्षांनी घरी येत होते. संघाचा कर्णधार होता धनराज पिल्ले. पुण्याच्या खडकीतील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा हा मुलगा, मोडक्या काठ्या दुरुस्त करून खेळायला शिकलेला. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी बरोबरीत सुटल्यावर पेनल्टी स्ट्रोकवर निकाल लागला आणि गोलरक्षक आशिष बल्लाळ त्या दिवसाचा नायक ठरला.

त्यानंतर काय झाले? पुढील मालिकेसाठी संघ निवडताना धनराज, बल्लाळ आणि इतर काही ज्येष्ठ खेळाडू वगळले गेले. त्यांना विश्रांती दिली, असे सांगण्यात आले. खेळाडूंनी मानधनाचा प्रश्न काढला म्हणून ही शिक्षा झाली, असे रसिकांचे मत पडले. खरे कारण काहीही असो, विजयी संघाचा पाया दोन-तीन महिन्यांत खिळखिळा झाला, हे कुणालाच नाकारता येणार नाही. धनराजला पुन्हा बोलवावे लागले. २००० साली सिडनीत पोलंडविरुद्ध सामना संपता संपता गोल खाल्ला, बरोबरी झाली, आणि उपांत्य फेरी हुकली. आपण पुन्हा सातवे आलो.

संघात बदल करणे आणि संघ बांधणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे या घटनेवरून स्पष्ट व्हावे. बदलासाठी निवड समितीची एक बैठक पुरते. बांधणीसाठी चार-पाच वर्षे लागतात. आपल्याकडे मात्र बैठकांवरच भर राहिला. २०१३ ते २०१९ या सहा वर्षांत पुरुष संघाने नॉब्स, वॉल्श, व्हॅन आस, ओल्टमन्स, मरीन्ये, हरेंद्रसिंग आणि रीड असे सात प्रशिक्षक पाहिले. एखाद्या शाळेत सहा वर्षांत सात मुख्याध्यापक झाले तर दहावीच्या निकालाची जबाबदारी कुणावर टाकायची, हे शिक्षक वाचकांनीच सांगावे.

एक विरुद्ध सात

खेळाडूच्या कामगिरीचे मोजमाप कसे करावे, हा या विषयाचा दुसरा भाग आहे. त्यासाठी दोन सामने शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला सामना १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतील अंतिम सामना. पाकिस्तानने आपल्याला सात विरुद्ध एक असे हरविले. गोलरक्षक होता मीररंजन नेगी. सात गोल होतात तेव्हा बचावफळी कोठे होती, मधली फळी कोठे होती, हे प्रश्न कुणी विचारले नाहीत. एका माणसावर सारा दोष आला. त्याच्या प्रामाणिकपणावर शिंतोडे उडविण्यात आले आणि त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच संपली. गंमत अशी की, हाच नेगी सोळा वर्षांनी बँकॉकच्या सुवर्णपदकविजेत्या संघाच्या गोलरक्षकांना शिकवीत होता. म्हणजे विद्या त्याच्याजवळ होतीच. ती वापरण्याची बुद्धी आपल्याला नव्हती.

दुसरा सामना २०२१ च्या तोक्यो ऑलिम्पिकमधील. साखळीत ऑस्ट्रेलियाने आपल्याला हरविले, तेही नेमके सात विरुद्ध एक असेच. या वेळी मात्र ना कुणाची मान छाटली गेली, ना रीड यांनी आराखडा बदलला. पुढच्या सामन्यात तोच संघ स्पेनला तीन विरुद्ध शून्य असा हरवून उभा राहिला, आणि ५ ऑगस्ट रोजी जर्मनीविरुद्ध एक-तीन असा मागे पडूनही पाच-चार असा जिंकून त्याने एक्केचाळीस वर्षांनी ऑलिम्पिक पदक आणले. त्या सामन्यात दोन गोल करणारा सिमरनजितसिंग हा २०१६ साली लखनौ येथे कनिष्ठ विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला होता. हरमनप्रीत, मनदीप, गुरजंत हेही त्याच संघातले. पाच वर्षांपूर्वी बाजूला काढलेली रक्कम व्याजासह हाती आली, असे हे सरळ गणित आहे.

हरमनप्रीतसिंगचेच उदाहरण पुढे न्यावेसे वाटते. जानेवारी २०२३ मध्ये ओडिशात झालेल्या विश्वचषक स्पर्धेत तो कर्णधार होता. पेनल्टी कॉर्नरवर त्याची काठी रुसली, न्यूझीलंडविरुद्ध शूट-आऊटमध्ये संघ हरला आणि घरच्या मैदानावर उपांत्यपूर्व फेरीही गाठता आली नाही. रीड यांनी राजीनामा दिला. हरमनप्रीतला कर्णधारपदावरून, किंबहुना संघातूनही, दूर करावे असे म्हणणारे कमी नव्हते. निवड समितीने ते ऐकले नाही. त्याच वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली हांगझोऊची आशियाई स्पर्धा जिंकली गेली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने दहा गोल केले.

आपल्याकडील शेतकरी पेरणीपूर्वी सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासतो, तेव्हा ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतो. सत्तर उगवले तर बियाणे चांगले म्हणतो. एक दाणा कुजका निघाला म्हणून पोते फेकून देत नाही, आणि एक दाणा तरारला म्हणून पोत्याची खात्रीही धरत नाही. खेळाडूच्या बाबतीत एवढा विवेक आपण सुशिक्षितांनी दाखवू नये, याचे आश्चर्य वाटते.

एकाच पिकावरचा संसार

याचा अर्थ यशाच्या आकड्यांनी हुरळून जावे असा नाही. पॅरिसच्या कांस्यपदकाचा ताळेबंद जरा बारकाईने वाचला तर काळजी वाटते. आठ सामन्यांत भारताने एकूण पंधरा गोल केले. त्यांपैकी दहा एकट्या हरमनप्रीतचे, आणि उरलेले पाच चार जणांत वाटलेले. स्पेनविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात दोन-एक असा विजय मिळाला. ते दोन्ही गोलही त्याचेच. वाशीमच्या शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. सारे शेत सोयाबीनखाली टाकले की भाव चांगला असतो त्या वर्षी घरात आनंद असतो. आणि ज्या वर्षी ऐन सोंगणीच्या वेळी पाऊस झोडपतो त्या वर्षी दुसरे काहीच हाती नसते. एकाच्या मनगटावर उभा असलेला संघ हा असा एकपिकी संसार आहे.

दिसणारे काम आणि न दिसणारे काम, हा भेदही येथेच लक्षात घ्यावा. गोल दिसतो, गोल होऊ न देणे दिसत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी कॉर्नरवर सर्वांत आधी चेंडूच्या अंगावर धावून जाणारा अमित रोहिदास हा असा न दिसणारा खेळाडू. ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याला लाल कार्ड मिळाले. उरलेल्या दहा जणांनी बराच काळ किल्ला लढविला आणि शूट-आऊटमध्ये सामना जिंकला, ही पराक्रमाची गोष्ट झाली. पण निलंबनामुळे तो जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात नव्हता, आणि तो सामना आपण दोन विरुद्ध तीन असा गमावला. तो असता तर जिंकलोच असतो, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु त्याच्या कामाची किंमत बहुसंख्य प्रेक्षकांना तो नसतानाच कळली, हे खरे आहे. कार्यालयातील एखादा शांत कारकून रजेवर गेला की मगच साहेबांना त्याची थोरवी समजते, तसाच हा प्रकार.

आजची हॉकी पंधरा पंधरा मिनिटांच्या चार भागांत खेळली जाते, आणि खेळाडू वाटेल तितक्या वेळा आत-बाहेर होऊ शकतात. त्यामुळे ‘पहिले अकरा’ ही कल्पना जुनी झाली आहे. राखीव खेळाडूंसह संपूर्ण पट हेच आता संघाचे खरे रूप. म्हणून हरमनप्रीतनंतर पेनल्टी कॉर्नर कोण मारणार, रोहिदासनंतर कोण धावणार, हा प्रश्न त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी विचारणे म्हणजे यंत्र बंद पडल्यावर घसाऱ्याची खतावणी उघडण्यासारखे आहे.

छत्तीस वर्षांचे दोघे

येथे कुणी विचारील की, अपयशी खेळाडूला किती काळ पोसायचे? ज्येष्ठांना चिकटून राहिल्याने तरुणांची वाट अडत नाही काय? हा आक्षेप रास्त आहे. सबुरी आणि लाड यांत फरक केलाच पाहिजे.

हा फरक दोन उदाहरणांनी दाखविता येईल. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये धनराज पिल्ले छत्तीस वर्षांचा होता. ते त्याचे चौथे ऑलिम्पिक होते. परंतु स्पर्धेच्या तोंडावर प्रशिक्षक बदललेला, आणि या महान आघाडीपटूचे नेमके काय करायचे, याचा आराखडा कुणाजवळ दिसत नव्हता. त्याला मैदानावर थोडाच वेळ मिळाला. आपण पुन्हा सातवे आलो आणि त्याची जागा घेणारा कुणी तयार नव्हता. २०२४ साली पॅरिसमध्ये गोलरक्षक श्रीजेशही छत्तीस वर्षांचाच होता. गोलरक्षकाला आघाडीच्या खेळाडूइतके धावावे लागत नाही, हे मान्य. पण मुख्य भेद तो नाही. श्रीजेश खेळत असताना कृष्ण पाठक हा दुसरा गोलरक्षक २०१८ पासून त्याच्या शेजारी घडत होता. श्रीजेशने स्पर्धेपूर्वीच निवृत्ती जाहीर केली, पदक घेऊन तो सन्मानाने बाहेर पडला, आणि पाठक गोलात उभा राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीर येथे कोरियाला चार-एक असे हरवून भारताने आशिया चषक जिंकला व २०२६ च्या विश्वचषक स्पर्धेतील जागा मिळविली, तेव्हा गोलरक्षकाच्या जागेविषयी कुणाला हळहळ करावी लागली नाही. त्या संघातील दुसरा गोलरक्षक मुंबईचा सूरज करकेरा होता, हेही नोंदवून ठेवावे.

तात्पर्य, ज्येष्ठ खेळाडू किती वर्षांचा आहे हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्या सावलीत कुणी वाढत आहे काय, हा प्रश्न मुख्य आहे.

ही तरतूद चुकली की काय होते, याचा दाखला दुर्दैवाने महिला संघाने दिला. २०१६ साली रिओ येथे छत्तीस वर्षांनी ऑलिम्पिक खेळणारा हा संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला. तरीही राणी रामपाल, सविता, वंदना कटारिया, दीप ग्रेस एक्का ही मंडळी एकत्र ठेवली गेली. तोक्योत पहिले तिन्ही सामने हरूनही या मुलींनी पुढे ऑस्ट्रेलियाला एक-शून्य असे हरवून उपांत्य फेरी गाठली आणि चौथा क्रमांक मिळविला. साऱ्या देशाने त्या सकाळी टाळ्या वाजविल्या. मग प्रशिक्षक बदलले, राणी दुखापतीमुळे बाहेर गेली आणि पुढे बव्हंशी बाहेरच राहिली. जानेवारी २०२४ मध्ये रांची येथे, घरच्या प्रेक्षकांसमोर, जर्मनी आणि जपान यांच्याकडून हरून हा संघ पॅरिसला मुकला. चौथ्या क्रमांकावरून थेट दाराबाहेर. मधले अंतर अवघे अडीच वर्षांचे. तोक्योचा चौथा क्रमांक हे पीक आहे, त्यातले बियाणे राखून ठेवले पाहिजे, असे त्या आनंदात कुणाला सुचले नाही.

महाराष्ट्राचा कोरा रकाना

आता जरा आपल्या घरात डोकावू. १९४८ च्या सुवर्णपदकविजेत्या संघात मुंबईचा गोलरक्षक लिओ पिंटो होता. १९८० च्या संघात मुंबईचे सोमय्या आणि मर्विन फर्नांडिस होते. पुढे कार्व्हालो, धनराज, विरेन रस्किन्हा झाले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मुंबईचा देविंदर वाल्मिकी खेळला. त्यानंतर तोक्यो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकच्या पुरुष संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. पॅरिसचा जवळजवळ निम्मा संघ पंजाबचा होता. ओडिशाने २०१८ पासून राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व स्वीकारले, राउरकेला येथे प्रचंड मैदान उभारले आणि सुंदरगढसारख्या आदिवासी जिल्ह्यात तालुक्या-तालुक्यांत कृत्रिम मैदाने घालण्याचे काम हाती घेतले. ते राज्य आपल्यापेक्षा श्रीमंत नाही. प्रश्न पैशाचा कमी आणि प्राधान्याचा अधिक आहे.

प्राधान्याबरोबर पोटाचाही प्रश्न आहे. धनराजच्या पिढीला महिंद्र, टाटा, एअर इंडिया, रेल्वे, बँका यांचे संघ होते. चांगला खेळला तर मुलगा कायमच्या नोकरीला लागे. ती भरती जसजशी आटली तसतसा मध्यमवर्गीय बापाने मुलाच्या हातातून काठी काढून घेतली, आणि त्याला दोष देता येत नाही. सात वर्षांच्या खंडानंतर २०२४ साली हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली. तिच्या लिलावात सर्वाधिक बोली हरमनप्रीतवर लागली, ती ७८ लाख रुपयांची. पुढच्याच महिन्यात क्रिकेटच्या लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले. जवळपास पस्तीस पटींचा हा फरक आहे. बाजार आपला निर्णय असा उघडपणे सांगतो. म्हणूनच बाजार जे करणार नाही ते शाळेने आणि शासनाने करावयाचे असते.

ते करता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यातून अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ या मुली पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीमार्गे भारतीय संघांपर्यंत पोहोचल्या. वैष्णवी हांगझोऊच्या कांस्यपदकविजेत्या संघात होती. ना महानगर, ना उद्योगपतीचा आश्रय. कुणी तरी मुलींना वेळेवर हेरले, आणि त्यांना पुढे पाठविण्यासाठी शासनाची एक संस्था जागेवर होती. एका तालुक्याला जे जमले ते सहा तालुक्यांच्या वाशीम जिल्ह्याला अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही.

मात्र मागणी शहाणपणाने करावी. पाण्याने भिजवावे लागणारे कृत्रिम मैदान वाशीममध्ये घाला, अशी घोषणा टाळ्या मिळवील. पण उन्हाळ्यात गावे टँकरची वाट पाहतात त्या जिल्ह्यात, कोटींचा खर्च आणि रोजचे पाणी मागणारे मैदान पहिल्या दिवशी मागणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. एका अमरावती विभागासाठी एक चांगले मैदान, आणि जिल्ह्यात पाच-सहा शाळांतून मुरमाच्या नीट दाबलेल्या मैदानांवर नियमित खेळ, एवढे पुरे आहे. काठी कशी धरावी, चेंडू कसा अडवावा, मान वर ठेवून कसे धावावे, हे मुरमावरही शिकविता येते. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी जे गुणी ठरतील त्यांना प्रबोधिनीकडे पाठवावे. आज नेहरू हॉकी स्पर्धेची तारीख जाहीर झाली की आठ दिवस आधी संघ जमविला जातो आणि स्पर्धा संपली की काठ्या पुन्हा खोलीत बंद होतात. याला कुणी संघबांधणी म्हणू नये.

येथे शिक्षकवर्गाला एक विनंती करावीशी वाटते. परीक्षा जवळ आली की सर्वप्रथम खेळाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला उसना दिला जातो. हे उसने कधीच परत होत नाही. विद्यार्थीही खेळाकडे दहावीच्या सवलतीच्या गुणांपुरते पाहतात, आणि पालक नोकरीतील पाच टक्के आरक्षणापुरते. या सवलती वाईट नाहीत. पण त्या फळ आहेत, मूळ नव्हेत. आठवड्यातील दोन तास खरोखर मैदानावर गेले, तर जिल्ह्याचे हॉकीचे खाते निदान उघडले जाईल.

राष्ट्रीय पातळीवरचा हिशेब याहून वेगळा नाही. प्रशिक्षकाला एका ऑलिम्पिकपासून दुसऱ्या ऑलिम्पिकपर्यंतची मुदत द्यावी. खेळाडूचे मूल्यमापन एका स्पर्धेवर न करता दोन वर्षांच्या कामावर करावे, आणि त्यात न दिसणाऱ्या कामालाही गुण असावेत. प्रत्येक महत्त्वाच्या जागेसाठी दुसरा माणूस, पहिला ऐन भरात असतानाच, आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरवावा. त्यापायी एखादी लहान स्पर्धा गमवावी लागली तरी रसिकांनी ओरड करू नये. कनिष्ठ संघाने २०२५ च्या डिसेंबरात विश्वचषक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले आहे. म्हणजे रक्कम बाजूला पडू लागली आहे. ती मुदतीआधी मोडली जाऊ नये.

आपण रसिकही या हिशेबाबाहेर नाही. निवड समिती चुकते ती पुष्कळदा आपल्याच आरडाओरडीला भिऊन. पुढील पराभव होईलच, कारण हरत नाही असा संघ कोठेच नसतो. त्या दिवशी ‘कुणाला काढले?’ असे विचारण्याऐवजी ‘कुणाला तयार केले आहे?’ असे विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर उत्तर देणाऱ्यांनाही हळूहळू तयारी करून यावे लागेल.